आमचं हुकलेलं सिलोन

सिलोन मी पाहिलेलं नाही. त्याच्या अलीकडे, आपल्याच देशाच्या शेवटच्या टोकाला, तारेच्या कुंपणाआड बसून मी त्याच्या दिशेचा समुद्र मात्र पोटभर पाहिला. आमच्या घरी कुणी परदेशी निघालं की हा विषय निघतोच. माझी सून तर त्याला "आईंचा कडुलिंबाचा किस्सा" म्हणते आणि मुलांना सांगून हसवते. हसू दे बापडी. तिला अर्धाच माहीत आहे. उरलेला अर्धा मी कुणाला सांगितला नाही, कारण तो माझा नव्हता. जिचा होता ती मागच्या वर्षी गेली. जाताना मला म्हणाली, "आता सांगितलंस तरी चालेल गं, सगळ्या संपल्या." म्हणून सांगते.

एकोणीसशे पन्नास आणि साठच्या मधली ती वर्षं. आमचं कॉलेज उपनगरातलं, नवंकोरं, भिंतींचा चुना अजून अंगाला लागायचा. मुली मोजक्याच, त्याही लांबलांबून यायच्या, म्हणून आम्ही एकमेकींना स्टेशनांच्या नावानं हाका मारायचो. ए मुलुंड, ए घाटकोपर, काय गं बोरिवली, वही दे की. मी अंधेरी. माझ्या मैत्रिणीची मात्र पंचाईत, कारण ती वाकोल्याची आणि वाकोल्याला स्टेशनच नाही. "सांताक्रूझ म्हणा ना मला," ती म्हणायची. "हट्! सांताक्रूझ मोठ्या लोकांचं," मी म्हणायची. "तू आपली वाकोलाच." शेवटपर्यंत ती माझ्यासाठी वाकोलाच राहिली.

ती तिथल्या जुन्या गावठाणातली, ख्रिस्ती. घरी मराठीच बोलायची, पण तिची मराठी आमच्यापेक्षा आखूड आणि गोड. गुडघ्याखाली येणारा फ्रॉक, दोन वेण्या, आणि तोंडाला पावडर. पावडर म्हणजे किती, तर आमची घाटकोपर म्हणायची, "ही पिठाच्या गिरणीतून येते की काय?" एकदा तिनं हे वाकोल्याच्या तोंडावर म्हटलं आणि मी घाटकोपरची वेणी ओढली. मी तापटच होते. अजूनही आहे, पण आता ब्लडप्रेशरच्या नावावर खपतं. घाटकोपरला माहीत नव्हतं, मला होतं. त्या पावडरीखाली देवीचे वण होते, गालांवर, कपाळावर, हनुवटीवर. ती सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची सहल सिलोनला न्यायची असं आमच्या बाईंच्या डोक्यात आलं. बाई तर्कशास्त्र शिकवायच्या. नऊवारी नेसायच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण काहीतरी चुकीचं बोललो असं आधीच वाटावं. "मुलींनी समुद्र ओलांडला पाहिजे," त्या म्हणाल्या. घरोघरी गदारोळ झाला. आमच्या वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि "परदेश?" एवढंच म्हणाले. माझी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "वाटेत रामेश्वर लागतं ना? मग जाऊ दे पोरीला. काशी नाही तर रामेश्वर तरी कुणी बघेल या घरातलं." झालं. माझं सिलोन देवाच्या कृपेनं पास झालं.

वाकोल्यानं सगळ्यांच्या आधी नाव दिलं होतं. मला नवल वाटलं, कारण ती कधी कशात पुढे नसायची. तिच्या घरी गेले होते तेव्हा शेताच्या बांधावर बसून तिनं मला सांगितलं. त्या वेळी वाकोल्याला भाताची शेती होती. खाली तिची आई लाल चौकड्यांचं लुगडं नेसून गवत काढत होती. करारी बाई. तिच्यासमोर आवाज चढवायची माझीसुद्धा हिंमत नव्हती, म्हणजे बघा.

"कोलंबोला माझी बाय आहे," वाकोला म्हणाली. बाय म्हणजे तिची थोरली बहीण, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. ती नन झाली होती. आधी मद्रासला, मग तिथून कोलंबोला. त्या काळी नन झालेली मुलगी परत घरी यायचीच नाही, आई मेली तरी नाही. वाकोल्यानं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ही आठ वर्षांची होती. आणि आता बायला पुढे कुठल्याशा लांबच्या बेटावर कायमची पाठवणार होते. बोट ठरली होती, आमच्या सहलीच्या दिवसांतच.

"मग भेटून ये. त्यात रडण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, कारण ती रडायला लागली होती.

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तिला देवी आल्या, अंगभर फुटल्या, डोळे मिटले, पाणी गिळेना. आई अनवाणी वाकोल्याहून वांद्र्याला मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, पायाशी गेली आणि नवस बोलली. धाकटी वाचव, थोरली तुला देते. गावात सगळ्यांना हे असंच माहीत होतं. धाकटी वाचली. थोरली दिली. तेव्हापासून घरात कुणी बायचं नाव काढलं की आई उठून विहिरीवर जायची.

"माझ्यामुळे तिला दिलं गं," वाकोला म्हणाली. "आरशात तोंड बघते तेव्हा मला वण नाही दिसत, बायच दिसते. मला तिला एकदा विचारायचंय. राग आहे का तुला माझा? मनानं गेलीस, की ढकललं तुला? एवढंच."

"आईला विचार की."

"आईला? वेडी आहेस का?"

खाली आईनं मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि आम्ही दोघींनी पटकन नजर वळवली.

तर असे आम्ही निघालो. फराळाचे डबे, दशम्या, बाईंची औषधांची पेटी. वाकोल्यानं बहिणीसाठी सुक्या बोंबलांची पुरचुंडी घेतली होती. मद्रासपर्यंत त्या वासावरून बोरिवलीनं डोकं खाल्लं. "माझ्या चिवड्याला वास लागतोय गं!" "लागू दे," मी म्हटलं, "तुझ्या चिवड्याला तेवढीच चव येईल." शेवटी बाईंनीच ती पुरचुंडी स्वतःच्या ट्रंकेत ठेवली. बाई शुद्ध शाकाहारी, एकादशी करणाऱ्या. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा काहीतरी बरं वाटलं ते तेव्हा.

बोटीत चढण्याआधी समुद्राकाठच्या एका कॅम्पात थांबावं लागायचं. सिलोनात रोग जाऊ नये म्हणून तपासायचे. टोचून घेतल्याचे दाखले आमच्याकडे होते. ते पाहिले, शिक्के मारले, आणि उद्या दुपारच्या बोटीनं जा म्हणाले. लांबलचक बराकी, वाळूचं अंगण, अंगणात एक मोठा कडुलिंब आणि भोवती तारेचं कुंपण. वारा असा की साडी सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला यायचा. पण आम्ही खुशीत होतो. वाकोला तर कुंपणाला नाक लावून उभी होती. तीन दिवसांनी तिची बाय जाणार होती. उद्याची बोट म्हणजे अगदी वेळेवर.

सकाळी मुलुंड उठेना. अंग तापलं होतं. दूध प्यायला उठवली तर गळ्यावर, पोटावर पुरळ. पाण्यानं भरलेले बारीक बारीक फोड. मी पाहिलं आणि म्हटलं, "कांजिण्या आहेत. माझ्या चुलतभावाला अशाच आल्या होत्या." बाईंनी चष्मा वर केला, पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. आम्हांला सगळ्यांना बाहेर काढलं.

मग बाईंनी जे केलं ते मी दारात उभी राहून डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते, नाहीतर कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, काय थापा मारतेस. आमच्या तर्कशास्त्राच्या बाई, ज्या आम्हांला "पुरावा काय?" म्हणून फळ्यासमोर उभं करायच्या, त्या चपला काढून अंगणात गेल्या, कडुलिंबाची फांदी खाली ओढली, पाला तोडला, एक डहाळी मुलुंडच्या उशाशी ठेवली आणि दुसरी दाराच्या वर खोचली. स्वयंपाक्याला हातवारे करून सांगितलं, आज फोडणी नको, काही तळू नको. आणि आम्हांला म्हणाल्या, "कुणी केस विंचरू नका. आवाज करू नका."

आपल्याकडे घरात देवी आल्या की हेच करतात. देवी पाहुणी आलेली असते. तिला चरचरीत आवाज चालत नाही, वास चालत नाही. तिला हाकलायचं नसतं, तिनं आपणहून जायचं असतं. हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. वाकोला माझ्या कानात म्हणाली, "आमच्या दाराला पण लावला होता. आई चर्चला जायची आणि येताना पाला घेऊन यायची."

"पण या कांजिण्या आहेत!" मी म्हटलं.

"बाईंना कोण सांगणार?"

आम्ही सांगायच्या आधीच व्हायचं ते झालं. कॅम्पातला इन्स्पेक्टर रोजच्या फेरीला आला. किडकिडीत माणूस, हातात छत्री. त्याची तमिळ आम्हांला कळत नव्हती, आमची मराठी त्याला नाही, आणि दोघांचं इंग्रजी आपापल्या परीनं. पण दाराजवळ आला, वर पाहिलं, आणि जागच्या जागी थांबला. छत्री खाली ठेवली. वहाणा काढल्या. डोळे मिटून त्यानं त्या पाल्याला हात जोडले. मग डोळे उघडले, वहाणा हातात घेतल्या आणि असा पळत सुटला की बस्स! त्यांच्याकडेही दाराला पाला म्हणजे आत देवी. एक अक्षर न बोलता त्याला सगळं कळलं होतं, आणि तेही चुकीचं.

तासाभरात आमच्या बराकीभोवती दोरी बांधली. शिट्ट्या काय, चुन्याच्या फक्क्या काय, आणि इन्स्पेक्टरची वरती तारसुद्धा जाऊन पोचली, की बराकीत देवीचा रोगी आहे. मग डॉक्टर आले. म्हातारे, थकलेले, बोलायला सभ्य. मुलुंडला नीट तपासलं आणि बाईंना इंग्रजीत म्हणाले, "मला विचाराल तर कांजिण्याच वाटतात. पण तार गेली आहे. आता मला नुसतं वाटून चालणार नाही. फोड कसे सुकतात ते काही दिवस पाहावं लागेल. तोवर या बराकीतलं कुणीही समुद्र ओलांडणार नाही."

झालं! सिलोनची वाट लागली. बोरिवली भोकाड पसरून रडायला लागली, घाटकोपर म्हणाली, मला घरी जायचंय. माझं मात्र टाळकं सरकलं. मी थेट बाईंसमोर जाऊन उभी राहिले. "बाई, तुम्ही तर्कशास्त्र शिकवता ना हो? मग हे काय केलंत? डॉक्टरांना बोलवायचं सोडून पाला? आमच्या अशिक्षित आज्यांनी केलं असतं तर तुम्हीच हसला असतात!"

सगळ्या गार पडल्या. बाईंशी असं कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं, आता ही बाई मला कच्ची खाणार. पण बाई खाटेवर बसल्या. चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या.

"माझं डोकं मलाही हेच सांगत होतं गं, कांजिण्या आहेत म्हणून," त्या म्हणाल्या. "पण माझा धाकटा भाऊ देवीत गेला. मी बारा वर्षांची होते. त्या दिवशी मी शेजारी खेळायला गेले आणि दाराचा पाला सुकलाय तो बदल, असं आईनं सांगितलेलं विसरले. त्यामुळे तो गेला नाही, हे मला कळतं. पन्नास वेळा शिकवलंय मी वर्गात, एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नव्हे. पण मुलुंडला पाहिलं आणि माझे हातच पाल्याकडे गेले. परक्याची मुलगी आहे. तिच्या आईला मी काय सांगणार होते?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. आईशप्पथ सांगते, मला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण तर्कशास्त्राच्या बाईंच्या गळ्यात कसं पडतात ते कुणाला माहीत! मी त्यांना पाणी आणून दिलं.

तेवढ्यात मागून वाकोला पुढे आली. इतका वेळ ती कुठे होती कोण जाणे. हातात ओला रुमाल होता. डॉक्टर दोरीपलीकडे हात धूत होते. ती त्यांच्यासमोर गेली, आणि आम्ही सगळ्या बघत असताना तिनं रुमालानं तोंड पुसलं. गाल, कपाळ, हनुवटी. रगडून रगडून पुसलं. सगळी पावडर उतरली. घाटकोपरच्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"डॉक्टर, मला येऊन गेल्यात," वाकोला इंग्रजीत म्हणाली. "ज्याला येऊन जातात त्याला पुन्हा येत नाहीत ना? मग मला जाऊ द्या. माझी बहीण परवा जाणार आहे."

डॉक्टरांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बराच वेळ पाहिलं. आपल्याकडे अशी मुलगी पाहायला कुणी आलं की तोंड बघून चहा टाकून उठायचं. तिच्या बाबतीत तसं दोनदा झालेलं मला माहीत होतं. डॉक्टर मात्र म्हणाले, "या सगळ्यांत ही एकटीच जाऊ शकते."

मी असा आरडाओरडा केला की इन्स्पेक्टर पुन्हा पळत आला.

अर्थात अडचणी होत्याच. कपड्यांतून रोग जातो म्हणून तिचा एकूण एक कपडा उकळत्या पाण्यात टाकला. फ्रॉक आटले. औषधाच्या पाण्यानं आंघोळ घातली, डोक्यापासून. कॅम्पातली एक नर्स सुट्टीला कोलंबोला घरी जाणार होती, तिनं स्वतःची साडी दिली. ती साडी वाकोल्याला नेसवायला नर्सच आली, कारण आम्हांला तिच्याजवळ जायला आता मनाई होती. पण खरी अडचण बाईंची होती. कुणाही मुलीला एकटी सोडायची नाही, असं कॉलेजला लिहून देऊन त्या आल्या होत्या. आणि ही तर परदेशात, परक्या बाईबरोबर. काही झालं असतं तर बाईंची नोकरी गेली असती, शिवाय जन्मभर तोंड दाखवायला जागा उरली नसती. दोरीच्या अलीकडे बाई, पलीकडे वाकोला.

"तिथे जाऊन तू करणार काय?" बाईंनी विचारलं.

"एक विचारायचंय तिला."

काय, ते बाईंनी विचारलं नाही. आत जाऊन ट्रंकेतली पुरचुंडी घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "जा. प्रिन्सिपॉलना काय सांगायचं ते मी बघते. आणि ते बोंबील ने गं बाई तुझे, माझ्या सगळ्या साड्यांना वास लागलाय."

ती गेली. कुंपणापाशी उभ्या राहून आम्ही हात हलवत राहिलो. पावडरीशिवाय ती मला फार सुंदर दिसली. मी तिला तसं ओरडून सांगितलं, पण वाऱ्यात तिला ऐकू गेलं नसावं.

आमचं म्हणाल तर काय सांगू, कर्म आमचं! मुलुंडच्या कांजिण्याच निघाल्या. फोड कांजिण्यांसारखेच सुकले, डॉक्टरांनी तसा दाखला दिला, इन्स्पेक्टरनं दोरी सोडली. पण तोवर बोरिवलीला ताप चढला. मग घाटकोपरला. मग आणखी दोघींना. आणि एके सकाळी मी उठले तर पाठ खाजतेय. "बाई, पाला आणा," मी म्हटलं. बाई पहिल्यांदाच खळखळून हसल्या आणि खरंच पाला आणला, पण या वेळी पाण्यात उकळून आंघोळीला. अंगभर खाज, वर तो वारा, त्यात वाळू. त्या वाळूत बसून आम्ही एकमेकींचे फोड मोजायचो आणि सिलोनातले डोंगर कसे असतील त्यावर वाद घालायचो. बाई चहा करायच्या, वेण्या घालायच्या, मुलुंडला गोष्टी सांगायच्या. जाग्रणानं त्यांचे डोळे खोल गेले होते. सुट्टी संपत आली. आता सिलोन नको, घर गाठा, असं ठरलं. रामेश्वरसुद्धा राहिलं. आईनं ते मला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

नर्सची सुट्टी संपली तशी वाकोला तिच्याबरोबर, आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी, परत आली. मी तापात होते. उठून बसले आणि विचारलं, "भेटली?"

"भेटली."

"विचारलंस?"

तिनं मान हलवली. होय म्हणून, की आता नको म्हणून, ते मला कळलं नाही. परतीच्या गाडीत आमचे ठिपके बघून डब्यातले लोक आपणहून उठून गेले, आम्हांला ऐसपैस जागा मिळाली, मुली पत्त्यांचे डाव मांडून बसल्या. वाकोला खिडकीशी. मद्रास गेलं, पुणं गेलं, घाट उतरलो, तरी ही बोलेना. मी दोनदा चिडले, एकदा हातापाया पडले. "घरी ये, मग सांगते," एवढंच म्हणाली.

माझ्या खपल्या पडल्या तशी मी वाकोल्याला गेले. भात कापून झालं होतं. खळ्यावर तिची आई पेंढ्या झोडत होती. आम्ही पूर्वीच्याच बांधावर बसलो. वाकोल्याच्या तोंडाला पावडर नव्हती. त्यानंतर तिनं ती कधी लावलीच नाही.

"एका खोलीत बसवलं मला," तिनं सुरुवात केली. "मध्ये टेबल. कोपऱ्यात एक म्हातारी सिस्टर विणत बसलेली. एकटीनं भेटायचं नाही असा नियम आहे त्यांचा. मग बाय आली. मी ओळखलंच नाही गं. तिनं मला ओळखलं."

"कशावरून?"

"तोंडावरून. दुसरं काय आहे माझ्याकडे ओळखायला?" ती जरा हसली. "मी फार वेळ घेतला नाही. मला भीती वाटत होती की बसले तर विचारता येणार नाही. उभ्या उभ्याच विचारलं. बाय, माझ्यासाठी तुला देवाला दिलं. राग आहे का तुला माझा?"

"मग?"

"ती म्हणाली, तुला कुणी सांगितलं मला दिलं म्हणून? म्हटलं, सगळ्या गावाला माहीत आहे. ती म्हणाली, गाव कुठे होतं तिथे? आई मोतमाउलीपुढे उभी होती तेव्हा तिच्याबरोबर मी होते. माझ्या कानांनी ऐकलंय मी. आई म्हणाली, ही पोर वाचव, मोठी झाली की हीच तुझ्या पायाशी आणून घालते."

मला आधी कळलंच नाही.

"म्हणजे तुला?"

"मला. द्यायचं होतं ते मलाच. बायचा त्यात काही संबंध नव्हता." वाकोला खळ्याकडे बघत होती. झोडण्याचा आवाज येत होता. "मी बरी झाले, शाळेत जायला लागले. घरी येऊन भिंतीवर कोळशानं बेरजा करायची म्हणे, आईचा मार खाऊनसुद्धा. आई ते बघायची आणि रडायची. तेव्हा बाय म्हणाली, माउलीला एक मुलगीच हवी ना? मग मी जाते. हिला शिकू दे. आणि आईकडून वचन घेतलं, हे हिला कधी सांगायचं नाही."

"आणि मनानं गेली का?"

"तेही विचारलं मी. म्हणाली, खोटं कशाला सांगू, पहिली दोन वर्षं नाही. रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायची. मग तिथल्या आजारी पोरांचं करता करता मन बसलं. आता नको म्हटलं तरी जायची नाही मी, म्हणाली."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिच्या नाही. ती तिकडेच सगळी रडून आली असावी.

"मी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागले, तर मला रागावली. रडायला आलीस का इतक्या लांब? वेळ थोडा आहे, उठ, म्हणाली. मला सांग, कॉलेज कसं असतं? मी म्हटलं, काय सांगू? ती म्हणाली, सगळं. सकाळी उठतेस तिथपासून. मग मी सांगितलं. वर्गात कुठल्या बाकावर बसते. तुम्ही सगळ्या एकमेकींना स्टेशनांच्या नावानं बोलावता. तू घाटकोपरची वेणी ओढलीस. बाईंनी बोंबील ट्रंकेत ठेवले. परीक्षेत दुसरी आले ते. ती हातांवर हनुवटी ठेवून ऐकत होती. मध्येच विचारायची, पुस्तकं घरी आणू देतात? प्रश्न विचारलेला चालतो?"

खळ्यावर आई थांबली होती. कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती. या वेळी वाकोल्यानं नजर वळवली नाही.

"मग घंटा झाली," ती म्हणाली. "कोपऱ्यातली सिस्टर उठली, विणकाम गुंडाळलं, दार उघडून उभी राहिली. बायला जायलाच हवं होतं. मीही उठले. बाय उठली नाही. तिनं माझा हात धरून मला परत खाली बसवलं आणि म्हणाली, आणखी सांग."